उसना एक

आत्याने ती संख्या दिली तेव्हा भाची शाळेत होती. १०४०३९९. "हिला फोड," एवढंच म्हणून आत्या आपल्या कॉलेजचे पेपर तपासायला बसली. भाचीने भागून भागून अख्खी दुपार घालवली आणि शेवटी "मूळ संख्या आहे, कशानेच भाग जात नाही" असं सांगून हात झटकले.

"अगं, आधी एक उसना घे," आत्या म्हणाली. "मिळव. काय झालं? एक हजार वीसचा वर्ग. आता उसना परत कर, की दोन तुकडे आपसूक पडतात. एक हजार एकोणीस आणि एक हजार एकवीस. दोन्ही मूळ, मध्ये एकच संख्या. जोडमूळ म्हणतात यांना. तुझ्यामाझ्यासारख्या."

आता मेंदूतल्या रक्तस्रावानंतर आत्या तिला "अहो बाई" म्हणत होती. इस्पितळाच्या खालच्या मजल्यावर बोलायला, चालायला पुन्हा शिकवत. वरच्या मजल्यावर नुसतं सांभाळत. डॉक्टर आत्याला वर हलवायला निघाले होते. भाची अडून बसली होती. "तिचं गणित शाबूत आहे. ही संख्या ती झोपेतसुद्धा फोडेल."

"विचारा माझ्यासमोर," डॉक्टर म्हणाले. "फक्त बरोबर की चूक ते तुम्हीच सांगा. माझं गणित यथातथाच."

भाचीने पाटीएवढ्या कागदावर संख्या लिहून आत्यासमोर धरली. आत्याने उशीवरून मान उचलली, आणि तिचा वर्गातला आवाज परत आला.

"शेवटी नऊ. म्हणजे दोन नाही, पाच नाही. अंकांची बेरीज सव्वीस, तीनही गेला. अकराची कसोटी... आठ उरले. अकराही नाही."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. भाचीने कागद आणखी जवळ धरला.

"मूळ," आत्या म्हणाली. "हिला कोणी फोडू शकत नाही."

"आत्या, एक उसना घेऊन बघू या का?"

"कोणाकडून? इथे कोण देतंय?" आत्याने भिंतीकडे पाहिलं. "आणि घेतलेलं परत कोण करणार? तुम्ही?"

"बरोबर आहे ना उत्तर?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. त्यांना होच ऐकायचं होतं, हे दिसत होतं.

एका शब्दाचं काम होतं. पण आत्या तिच्याकडे टक लावून बघत होती, निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी. आत्याने जन्मात कोणाला फुकटचा अर्धा गुण दिला नव्हता.

"चूक," भाची म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते वॉर्डबॉयला बोलवायला गेले. कागदाची घडी करता करता भाचीच्या कानावर आत्याचं बोलणं पडलं. ती दाराशी आलेल्या नर्सला सांगत होती, "सिस्टर, ही मुलगी फार कच्ची आहे. हिला त्याच वर्गात पुन्हा बसवा."