दरवर्षी येणारी अनपेक्षित परिस्थिती

आमच्या कार्यालयात आपत्कालीन परिस्थिती दरवर्षी एकाच आठवड्यात येते. पगार एखादा दिवस इकडेतिकडे होतो, लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते, पण कांद्याच्या शेतातलं अभूतपूर्व तण कधी उशीर करत नाही. ते उगवायच्या दोन आठवडे आधी मी त्याची फाइल तयार ठेवतो.

प्रकरण साधं आहे. नोंदणी न झालेलं एक तणनाशक आहे. ते वाऱ्याबरोबर किती लांब जातं आणि शेजारच्या पिकाचं काय करतं, याचा अभ्यास कंपनीने अजून दिलेला नाही, म्हणून नोंदणी नाही. अभ्यासाला वेळ लागतो, आणि आपत्कालीन परिस्थितीत वेळ कुठला असायला? पण नियमात एक फट आहे. पीक हातचं जात असेल आणि दुसरा इलाज नसेल, तर एकशेवीस दिवसांची मंजुरी देता येते, फक्त त्या वेळेपुरती. फक्त त्या वेळेपुरती म्हणून आम्ही ती आठ वेळा दिली होती.

अर्जातला सातवा प्रश्न: ही परिस्थिती आधी कळण्यासारखी होती का? उत्तर, नाही. अकरावा प्रश्न: अर्ध्या किलोमीटरच्या आत या औषधाने बाधा होईल असं पीक आहे का? उत्तर, नाही. पहिल्या वर्षी ही उत्तरं कंपनीने लिहिली. पुढे मी जुना अर्ज शेजारी ठेवून वर्ष तेवढं बदलत आलो. खाली 'माहिती तपासली' असं छापलेलं असतं आणि त्याखाली माझी सही. तपासली म्हणजे शुद्धलेखन तपासलं.

सोबत शेतातल्या तणाचा एक फोटो जोडतात. दरवर्षी मागच्या वर्षीच्या झेरॉक्सची झेरॉक्स. आठव्या वर्षी तो इतका काळा झाला होता की तण सोडा, जमीन कुठे संपते हेही कळेना. म्हणून नवव्या वर्षी कंपनीच्या माणसाने लाघवीपणाने सुचवलं, "जरा स्पष्ट प्रत लावा ना." नवा फोटो काढावा असं त्यालाही सुचलं नाही आणि मलाही. मी पहिल्या वर्षीची फाइल काढली, त्यातला मूळ रंगीत फोटो टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला गेलो.

परत आलो तर माझ्या खुर्चीत ताई.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तिची शहराबाहेर टोमॅटोची रोपवाटिका आहे. मांडीवर रोपांचा ट्रे होता. पानं चमच्यासारखी आत वळलेली, शेंडे पिळून टाकल्यासारखे.

"शेजारच्या कांदेवाल्याने फवारणी सुरू केल्यापासून हे तिसरं वर्ष," ती म्हणाली. "तुमच्या लोकांनी तक्रार परत पाठवली. लिहिलंय, सदर ठिकाणी रोपवाटिका असल्याची नोंद नाही. मग मी इतकी वर्षं काय ढगात रोपं लावते?"

"तक्रारींचा विभाग खाली आहे, ताई."

"खालून वर पाठवलं. वरून तू खाली पाठव. मी जिन्यातच राहायला येते."

मग तिने खरं ते सांगितलं. विकायची रोपं गेली तर पुन्हा लावता येतात. पण तिने स्वतः चौदा वर्षं निवडून निवडून एक वाण तयार केलं होतं, कमी पाण्यावर तग धरणारं. मागची दोन वर्षं त्याला बीच धरलं नाही. जुनं बी आता उगवेनासं झालंय. शेवटची पुडी तिने या महिन्यात पेरली, त्यातून दोनशे रोपं आली. परवा वाफ्याच्या कडेची काही वाकडी दिसली. शेजारच्याने फवारणीचा पंप तपासायला म्हणून मागच्या वर्षीचं उरलेलं औषध मारलं होतं.

"खरी फवारणी पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "तेव्हा मंजुरी येणार म्हणतात. कोण देतं रे ती?"

मी टेबलावरच्या या वर्षीच्या अर्जावर फाइल सरकवली. खरं सांगायचं तर अर्जात जमीन नकाशाच्या क्रमांकांनी लिहिलेली असते, आणि ताईकडे मी रविवारी जेवायला जायचो, क्रमांक वाचायला नव्हे. हे कारण ऐकायला जितकं लाजिरवाणं वाटतं तितकंच ते आहे.

ताईची नजर फोटोवर गेली. तिने तो उचलला, लांब धरला, मग चष्मा लावला.

"ही मी आहे."

पुढे गुडघाभर तण. मागे हिरव्या जाळीची शेड, आणि शेडच्या दारात निळी टोपी घातलेली एक बाई, हातात पाण्याची झारी. बाजूला टेकून ठेवलेली भाऊजींची मोटरसायकल.

"ही गाडी विकून सहा वर्षं झाली," ताई म्हणाली. "आणि तुम्हाला नोंद सापडत नाही?"

तिने फाइलखालचा अर्ज माझ्या हाताखालून ओढून घेतला. अकराव्या प्रश्नावर बोट ठेवलं, तिथून सरळ खाली माझ्या सहीपर्यंत आणलं. लहानपणी मार चुकवायला मी तिच्या मागे लपायचो; त्या दिवशी लपायला मागे कपाट होतं.

साहेबांच्या खोलीत कंपनीचा माणूस बसलेलाच होता. तो तिथे इतका बसतो की त्याच्या कपाला वेगळी बशी आहे. मी फोटो दाखवला.

"फोटोत काय दिसायला हवं?" साहेबांनी विचारलं. "तण. दिसतंय ना?"

"मागे रोपवाटिका दिसते, साहेब."

"मग ती मागेच आहे की."

"कडेने थोडा कापला तर तणही उठून दिसेल," कंपनीचा माणूस म्हणाला. "आणि ताईंना सांगा, चार महिने रोपं झाकून ठेवायची. आम्ही प्लॅस्टिक देऊ. आपलीच माणसं आहेत."

साहेबांनी ड्रॉवरमधून कात्री काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मूठ माझ्याकडे करून, अगदी सभ्यपणे.

मी कात्री तिथेच ठेवली. जागेवर येऊन अकराव्या प्रश्नापुढचं 'नाही' खोडलं, 'आहे, सोबतचा फोटो पाहावा' असं लिहिलं आणि सही केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा माहिती तपासली होती. मला वाटलं, आता फाइल अडेल.

चाळीस मिनिटांत मंजुरी निघाली. नियमात तीही सोय होती: माहितीबद्दल वाद असेल आणि परिस्थिती आपत्कालीन असेल, तर मंजुरी आधी द्यावी, चौकशी नंतर करावी. मंजुरी एकशेवीस दिवसांची, चौकशीची मुदत दीडशे. ताईला पत्र गेलं, की आपल्या रोपवाटिकेची नोंद आता घेण्यात आली आहे आणि अशी अनपेक्षित परिस्थिती पुन्हा उद्भवल्यास तिचा विचार करण्यात येईल.

फवारणीच्या आदल्या दिवशी भाड्याच्या टेंपोत जेवढी मावली तेवढी रोपं ताईने कुंड्यांतून हलवली. काही बहिणीच्या नात्याने माझ्या घरी आली. माझ्या गॅलरीत ऊन नाही, म्हणून चाळीस कुंड्या मी कार्यालयात आणून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत मांडल्या. शहरभर शोधूनही याहून सुरक्षित जागा सापडली नसती. इथून औषधाची मंजुरी बाहेर जाते, औषध आत येत नाही. मागे राहिलेल्या रोपांची आठवड्याभरात पुन्हा चमचे-पळ्या झाली.

खिडकीतली मात्र तरारली. पिवळी फुलं धरली. ताई रोज दुपारी डब्याच्या सुट्टीत येऊन हलक्या हाताने फुलं हलवून जायची, फळ धरावं म्हणून. माझ्याशी ती कामापुरतंच बोलायची.

एक दिवस साहेब खिडकीशी थांबले. एक पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"टोमॅटो?"

"हो."

"कांद्याच्या पट्ट्यातलाच ना हा? फवारणी होऊन महिना झाला आणि पानाला सुरकुतीही नाही." त्यांचा चेहरा उजळला. "कुठे बाधा झालीय हो? एक फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी अकराव्या प्रश्नाला लावू."

त्यांनी मोबाइल काढलासुद्धा. ताई झारी घेऊन बाजूला उभी होती. तिने साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी कुंड्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"जरा बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "तुम्ही फोटोत येताय."

"नाही," मी म्हणालो. इतकी वर्षं टाइप केलेला शब्द, तोंडाने तिथे पहिल्यांदाच म्हटला.

साहेब मोबाइल धरून थांबले. मागून ताईने माझ्या हातात झारी दिली. "उभाच राहणार आहेस," ती म्हणाली, "तर पाणी घाल."