डांबर काढा, मग पोर न्या

चुडामणला आधी कुणी सांगितलं असतं, की बाबा रे, गाडीला डांबर फासू नकोस, तर त्यानं ऐकलं असतं का? छे! नाव नका काढू. अख्ख्या देवपुरात स्वतःच्या अकलेवर एवढा खूश माणूस दुसरा नव्हता. पांझरा नदीची ओली वाळू वाहून त्याच्या पिकअपचा हौदा गंजायला लागला होता. तेवढ्यात हायवेच्या कामावरचं उरलेलं डांबर हाती आलं आणि याचं डोकं चाललं. चुलीवर वितळवून त्यानं हौद्याच्या तळाला, कडांना, मागच्या फाळक्याला चांगला बोटभर थर चोपडला.

"आता येऊ दे म्हणावं गंजाच्या बापाला!"

"हिवाळा आहे तोवर ठीक," शेजारच्या गॅरेजचा भिकन मिस्तरी म्हणाला. "चैत्रात काय करशील?"

चुडामण नुसता हसला. हसण्याची त्याला भारी खोड.

माघात त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, सुनंदाचं, लग्न झालं. सासर पारोळ्याचं. चैत्रात सुनंदाची सासू केसरबाई चार बायका घेऊन देवपूरला हळदीकुंकवाला आली. परतताना त्या एसटीनं निघाल्या, तर चुडामण आडवा आला. घरची गाडी असताना विहीणबाई एसटीनं जाणार? लोक काय म्हणतील? हौद्यात गोणपाट अंथरलं, बायकांना बसवलं आणि भर दुपारी स्वारी निघाली.

पारोळ्याला किल्ल्याजवळ गाडी थांबली आणि बायका उठायला लागल्या. उठता कुठं येतंय! उन्हानं डांबर पातळ होऊन गोणपाटातून वर आलं होतं. बाकीच्यांची लुगडी डागांवर सुटली. केसरबाईनं मात्र जोर केला, तशी काठासकट हातभर चिंधी टर्रकन फाटून हौद्यातच राहिली. बाई अर्धी उभी, अर्धी बसलेली. आणि हा शहाणा खो खो हसला.

केसरबाई खाली उतरली. इतर वेळी शहरी बोलायचा प्रयत्न करणारी बाई, पण रागावली की पक्की अहिराणी.

"याही, आखाजीले पोर पाहिजे ना तुमले? हाईच गाडी आना. बठ्ठं डांबर काढीसन आना. मी सोता बठीसन पाहसू. नही तं पोर नही धाडाव."

झालं! हसू जागच्या जागी विरलं. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. कडुलिंबाला झोके बांधायचे, गौराई बसवायची, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. त्यातून सुनंदाची ही लग्नानंतरची पहिलीच आखाजी. पहिल्या आखाजीला लेक माहेरी आली नाही, तर आईबापानं तोंड कुठं दाखवायचं? दुसऱ्याच दिवशी चुडामण धुळ्याच्या बाजारातून भारीतलं लुगडं घेऊन गेला. केसरबाईनं ते घडीही न मोडता परत पाठवलं.

मग सुरू झाली डांबराशी कुस्ती. आधी रॉकेल ओतलं. डांबर सुटलं खरं, पण काळ्या पाण्यासारखं पसरून जिथं नव्हतं तिथंही जाऊन बसलं. खुरप्यानं खरवडायला गेला, तर उन्हात तापलेलं ते गुळाच्या पाकासारखं ताणलं जायचं, आणि खुरपं उचललं की पुन्हा पत्र्याला जाऊन चिकटायचं. शेवटी तुराट्या पेटवून हौद्यात टाकल्या. असा काळाकुट्ट धूर उठला, की गल्लीतले लोक पाण्याच्या बादल्या घेऊन धावले आणि भिकननं चुडामणच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "गाडी जाळतोस का गल्ली? एक काय ते ठरव!"

संध्याकाळी चुडामण ओट्यावर बसला होता. तोंड काळं, हात काळे, भुवया अर्ध्या जळालेल्या. बायको द्रौपदाबाईनं हातावर गोडेतेल ओतलं.

"एका लुगड्यापायी बाई किती ताणते!" तो कुरकुरला. "नवं दिलं तर तेही नको."

"नवं काय करायचंय तिला?" द्रौपदाबाई म्हणाली. "ते लुगडं तिच्या भावानं घेतलं होतं, मागच्या आखाजीला. आषाढात गेला बिचारा. एकच भाऊ होता. आणि तुम्ही हसलात."

चुडामणला खूप लाज वाटली. इतके दिवस तो लेक आणायची म्हणून खरवडत होता. आता त्याला वाटायला लागलं, की ते डांबर जोवर गाडीला आहे तोवर आपलं हसूही तिथंच चिकटलेलं आहे.

पण वाटून डांबर निघतं थोडंच! आखाजी तर उंबऱ्यावर आलेली. त्यात लग्नसराई. एका लग्नाच्या मांडवात सरबतासाठी बर्फाच्या लाद्या पोचवायचं भाडं आलं. नाही म्हणावं असं मनात आलं, पण शब्द आधीच दिलेला. भुसा टाकून, पोत्यांत गुंडाळून लाद्या नेल्या. मांडवाशी हमालांनी एक लादी ओढली आणि तिच्याबरोबर डांबराचा पापडाएवढा तुकडा कट्कन उडून खाली पडला. खालचा पत्रा लख्ख दिसत होता!

चुडामणनं खुरप्याचा दांडा शेजारी आपटून पाहिला. आणखी एक तुकडा उडाला. गारठून डांबर काचेसारखं झालं होतं. "अरे तिच्या मायला!" तो ओरडला. मांडवातले पाहुणे वळून बघायला लागले.

मग काय विचारता! परतीच्या वाटेवर बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भरल्या आणि गाडी थेट भिकनच्या दारात. एकानं लादी सरकवायची, दुसऱ्यानं गारठलेल्या जागी हातोडी मारायची. वेळ दवडला की ऊन पुन्हा डांबराला मऊ करायचं, म्हणून गल्लीतली माणसंही आपणहून मदतीला आली. कुणी तुकडे गोळा करतंय, कुणी बर्फच चोखतंय. द्रौपदाबाईनं शेवटी सोडा आणि गरम पाणी घेऊन सगळा हौदा घासला, अगदी पूजेचं ताट घासावं तसा. कोपऱ्यांतलं डांबर भिकननं खिळ्यानं टोकरून काढलं. शिव्या देत काढलं, पण काढलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी चुडामण भल्या सकाळी पारोळ्याला पोचला. लेकीला न्यायला आलेला मुऱ्हाळी म्हणून नवी टोपी घातलेली. केसरबाई बाहेर आली. सुनंदा दारात उभी, सासूच्या तोंडाकडे बघत. चुडामणनं फाळका पाडला. केसरबाई कुणाचा हात न धरता वर चढली आणि उघड्या पत्र्यावर फतकल मारून बसली. सकाळचा पत्रा गार होता. बरीच बसली. मग उठून सुनेकडे पाठ केली.

"काही लागनं का वं?"

"नाही आत्या. काहीच नाही."

"जाय मंग. भर तुनं सामान."

सुनंदा आत पळाली. पळाली म्हणजे अक्षरशः पळाली, नव्या सुनेनं पळू नये हेही विसरून. गाठोडं घेऊन ती आली, तरी केसरबाई हौद्यातच. पुन्हा खाली बसलेली, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. तिला उतरता यावं म्हणून चुडामण फाळका धरून उभा होता.

"आवंदा माले लेवाले कोनी येनार नही," ती माहेरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली.

चुडामणनं फाळका सोडून पुढचं दार उघडलं.

"अक्का," तो म्हणाला, "पुढं बसा. इथं हादरे बसतील."

"नही भाऊ. आठेच बरं शे," ती हौद्याच्या पत्र्यावर हात टेकवत म्हणाली.

सुनंदा गाठोड्यासकट वर चढली आणि सासूला खेटून बसली. चुडामणनं फाळका लावला. कडी नीट बसली का ते दोनदा पाहिलं. देवपूरपर्यंत त्यानं गाडी इतकी हळू चालवली, की मागून येणारे ट्रकवाले हॉर्न मारून कंटाळले.

गाडी दारात थांबली तशी द्रौपदाबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. हौद्यात दोघी दिसल्या, तेव्हा ती क्षणभर थबकली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग पुढं होऊन तिनं आधी केसरबाईवरून तुकडा ओवाळला, तिच्या पायांवर पाणी घातलं, आणि त्यानंतर लेकीकडे वळली.