उभ्या उभ्या दमणारी गाडी

सोमवारी सकाळी लेकीची गाडी तिसऱ्यांदा मेली, तेव्हा मिस्त्रींना गाडीपेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटली. बत्तीस वर्षं बसच्या डेपोत विजेचं काम केलेला माणूस, आणि त्याच्याच अंगणात गाडी ढकलायची पाळी! शेजारच्या मास्तरांनी कुंपणावरून विचारलंच, "काय मिस्त्री, दिव्याखाली अंधार का?" मिस्त्री हसले, पण ते वाक्य दिवसभर त्यांच्या अंगाला टोचत राहिलं.

लेक इस्पितळात नर्स होती. आठवडाभर रोज पळत असली की गाडी एका चावीत सुरू व्हायची. शनिवार-रविवार अंगणात उभी राहिली की सोमवारी नुसती टिकटिक. माणसं धावून दमतात, ही बया उभ्या उभ्या दमत होती. दुकानदाराने दोनदा नवी बॅटरी बसवून दिली आणि तिसऱ्या वेळी हात झटकले. बॅटरीत खोट नाही, गाडीतच कुठेतरी पाणी मुरतंय, असं तो म्हणाला. मिस्त्रींना ते पटलं होतं. प्रश्न एवढाच होता, की मुरतंय कुठे.

लेक त्या दिवशी बसने कामावर गेली. मिस्त्रींनी बॅटरी चार्जरला लावली, संध्याकाळी इंजिन सुरू करून मीटर धरला. काटा चौदा व्होल्टच्या जरासा अलीकडे थांबला. म्हणजे इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरत होता, त्याच्याविरुद्ध तक्रार नव्हती. मग गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली.

मंगळवारी सकाळी अंगणात चांगलंच गारठलं होतं. मिस्त्रींनी बॅटरीची तार सोडवून मध्ये मीटर जोडला. सगळं बंद असूनही दीड अँपिअर वीज वाहत होती. एवढी वीज दोन दिवस गेली तर बॅटरी राहते कशाला! त्यांनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. दिवे, हॉर्न, पंखा, गाणी. सगळे फ्यूज बॉनेटवर रांगेत मांडले, तरी काटा ढिम्म.

आता एकच जाडी तार उरली होती, फ्यूजच्या पेटीत न जाता थेट अल्टरनेटरकडे जाणारी. मिस्त्रींनी अल्टरनेटरवर हात ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. काही कळलं नाही. गरम नाही, गार नाही, काहीच नाही. साखरेच्या दुखण्याने दोन वर्षांपूर्वी त्यांची बोटं बधिर झाली होती आणि ही गोष्ट त्यांनी कुणालाच, अगदी लेकीलाही, सांगितली नव्हती. चहाचा कप ते वाफ बघून उचलत.

तार सोडवून बघू म्हणून त्यांनी पाना घातला. नट मागच्या बाजूला, खोल. बोटांना तो सापडेना. पाना निसटून खाली पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा लेक दारात उभी होती. त्या दिवशी तिला सुट्टी होती. ती तशीच आत गेली आणि तिने सुतळीकाकांना फोन लावला.

सुतळी हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. उंच, वाळका आणि कुठेही गुंडाळून ठेवता येईल असा तो माणूस डेपोत मिस्त्रींचा जोडीदार होता. बावीस वर्षं दोघांनी एका टेबलावर काम केलं. बॅटरीच्या खोलीतल्या ॲसिडने दोघांच्याही पँटींना सारखीच भोकं पडायची, आणि कोणती पँट कोणाची ते भोकांवरून ओळखायचं. दुपारी बसखालच्या खड्ड्यात गार लागतं म्हणून डबेही तिथेच उतरून खायचे. मिस्त्री मीटरवर विश्वास ठेवणारे, सुतळी हातावर. आजारी पोराचं कपाळ बघावं तसा तो बसच्या प्रत्येक भागाला हाताची मागची बाजू लावायचा, आणि मिस्त्री त्याला डॉक्टर म्हणून चिडवायचे. लेक तेव्हा शाळेत होती. डेपोत आली की सुतळीकाकांच्या खांद्यावर बसून बसच्या टपाला हात लावायची.

आणि मग अकरा वर्षांचा अबोला.

तासाभरात स्कूटर दारात लागली. सुतळीचे केस पांढरे झाले होते, बाकी माणूस होता तेवढाच वाळका होता. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मिस्त्रींकडे बघून नुसती मान हलवली आणि सरळ बॉनेटपाशी गेला. फ्यूजांची रांग बघितली, मीटरचा काटा बघितला. मग हाताची मागची बाजू अल्टरनेटरला लावली.

"गाडी रात्रभर बंद होती?"

"कालच्या संध्याकाळपासून," लेक म्हणाली.

"इंजिन बर्फासारखं आहे आणि हा कोमट." आता तो मिस्त्रींकडे वळला. "तू हात लावला नाहीस?"

मिस्त्रींनी एकदा लेकीकडे पाहिलं. "लावला. मला कळत नाही आता. बोटं मेलीत माझी."

लेक तिथेच पायरीवर बसली. सुतळीने बॅटरी सोडवली, खोलात हात घालून तो नट काढला, जाडी तार बाजूला बांधली आणि मीटर परत जोडला. काटा शून्यापाशी येऊन बसला. चोर सापडला होता. अल्टरनेटरच्या पोटात डायोड असतात, विजेला बॅटरीकडे जाऊ देणारे पण परत येऊ न देणारे दरवान. त्यातला एक फितूर झाला होता. दिवसा गाडी चालली की बॅटरी भरत होती, आणि गाडी उभी राहिली की हा मागच्या दाराने वीज सोडत होता.

मिस्त्री त्या काट्याकडे बघत राहिले. त्यांना दुसरीच गाडी दिसत होती. सुट्टीचे दोन दिवस डेपोच्या आवारात उभी राहिलेली आणि तिसऱ्या सकाळी चाळीस उतारू आत बसले असताना न सुरू झालेली बस. चौकशी झाली. बस शेवटची बंद केली होती सुतळीने. मिस्त्रींनी अहवालात लिहिलं, दिवे बंद करायचे राहिले. सुतळी तेव्हा टेबलाशी येऊन म्हणाला होता, अल्टरनेटरला हात लावून बघ, गरम आहे. मिस्त्री खुर्चीवरून उठलेही नव्हते. उन्हाने तापला असेल, एवढंच म्हणाले होते. सुतळीची बदली झाली. नोकरीची शेवटची चार वर्षं त्याने रोज दोन तास जाण्यात आणि दोन तास येण्यात काढली.

"त्या बसचाही डायोडच गेला होता," मिस्त्री म्हणाले.

"हो."

"तू सांगत होतास."

"सांगितलं होतं."

मिस्त्री काट्यावरून सुतळीकडे वळले. "मी खोटं लिहिलं नाही रे. पण न बघता लिहिलं. उठून चार पावलं आलो असतो तर तेव्हा माझ्या हाताला कळलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. चुकलं माझं."

सुतळी बराच वेळ पट्टा सैल करत राहिला. अल्टरनेटर सुटून हातात आला तेव्हा त्याने तो पायरीवर, लेकीच्या शेजारी ठेवला.

"हे मला सांगून भागायचं नाही," तो म्हणाला. "चार वर्षं पहाटे चारला उठून डबा करायची ती माझी बायको. माझ्यापेक्षा तिनेच तुला जास्त शिव्या दिल्यात. घरी येऊन तिला सांग."

डायोडचा संच बदलून गाडी गुरुवारी सुरू झाली. बुधवारी लेक मिस्त्रींना इस्पितळात घेऊन गेली होती. डॉक्टरांनी बोटांवर टोचून बघितलं, गोळ्या बदलल्या, आणि लेकीने रस्ताभर त्यांना असं झापलं, की त्यांना आपल्या गेलेल्या आईची आठवण झाली.

शनिवार-रविवार गाडी अंगणात उभी राहिली. सोमवारी लेकीने चावी फिरवली आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. कुंपणापलीकडे मास्तर नेमके दात घासत होते. मिस्त्रींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी मिस्त्री सुतळीच्या घरी गेले. काय बोलायचं ते त्यांनी वाटभर पाठ केलं होतं. दार बायकोनेच उघडलं. पूर्वी जिला वहिनी म्हणून हाक मारायचे ती बाई आता त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत उभी होती, आणि पाठ केलेलं सगळं मिस्त्री विसरले. "वहिनी, माझ्यामुळे तुम्हाला..." एवढंच म्हणून ते थांबले.

तिने त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं. घाई केली नाही, मदतही केली नाही. दोन-तीनदा अडखळत ते सगळं बोलून झाले तेव्हा ती दारातून बाजूला झाली.

"चपला आत घेऊन या," ती म्हणाली. "बाहेर ठेवल्या की कुत्रं पळवतं."