सेकंदाला चार अब्ज ठोके

मित्रांनो, संगणकाच्या पेटीत पंख्याखाली एक चपटा चौकोनी तुकडा बसवलेला असतो. मी तोच, एक जुना प्रोसेसर. सारी आकडेमोड मी करायचो आणि आवाज तेवढा पंखा करायचा.

माझ्या उमेदीच्या काळात दोन कंपन्यांची मोठी चढाओढ चालली होती. एकीने सेकंदाला दोन अब्ज ठोक्यांचा प्रोसेसर काढला, की दुसरी तीन अब्जांचा काढी. ठोका म्हणजे माझे एक पाऊल. मी तीन अब्जवाल्यांचा, त्यामुळे माझी ऐट काही विचारू नका.

मी ज्या घरात आलो, तिथे पुढच्या खोलीत इमारतींची गणिते होत. वडील इंजिनिअर, दादा आणि धाकटी बहीणही इंजिनिअर. दादाच्या यंत्रात मी होतो, धाकटीच्या यंत्रात दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर. वडिलांचा नियम कडक होता. प्रत्येक गणित दोन्ही यंत्रांवर करायचे, दोन्ही कागद एकत्र टाचायचे. उत्तरे जुळली तरच ते सही करत.

"आकडा बघ की! तीन कुठे आणि दोन कुठे!" दादा म्हणे.

"नुसती भरभर पावलं टाकून काय होतंय? एका पावलात किती अंतर कापतो, ते बघ ना," धाकटी म्हणे.

एके दिवशी तिच्या यंत्राने माझ्या आधी काम संपवले. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने माझे ठोके थेट चार अब्जांवर नेले. "वाघ आहे माझा," असे म्हणत त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि मीही चढलो. अंग भाजत होते, तरी पळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या सभागृहाच्या छताचे गणित आले. मी पहिला आलो. पण माझ्या उत्तरात लोखंडी तुळई बारीक निघाली आणि धाकटीच्या उत्तरात जाड.

"दादा, थांब जरा. मी गणित परत करून बघते," ती म्हणाली.

बाहेर लोखंडकाम करणारा माणूस नकाशासाठी खोळंबला होता. दादा थांबला नाही. त्याने माझ्याच कागदाची दुसरी प्रत काढली, दोन्ही टाचल्या आणि वडिलांपुढे ठेवल्या.

वडिलांनी पेन उघडले, पण सही केली नाही. "दोन्ही कागदांवर छापलेली वेळ एकच कशी रे? तिचा कागद कुठाय?"

दादाने तिचा कागद आणून पुढे ठेवला. वडिलांनी पेन्सिल घेतली आणि सगळे गणित हाताने केले. दुपार सरली. धाकटीचे उत्तर बरोबर निघाले.

"मुलं बसणार आहेत त्या छताखाली," एवढेच ते म्हणाले. दादाला रडू आवरेना. मला डोळे असते तर मीही रडलो असतो.

त्याच संध्याकाळी दादाने माझे ठोके कमी केले. पुढे नऊ वर्षे मी बिनचूक काम केले. मग नवा प्रोसेसर आला आणि माझी रवानगी खणात झाली. त्याचे वाईट वाटते. त्याहून जास्त वाईट याचे वाटते, की मी चुकलो तेव्हा मला ते कळलेही नव्हते.

मित्रांनो, तुम्ही पळवाल तसे आम्ही पळतो. दमलो, हे आम्हाला सांगता येत नाही. चुकीचे उत्तरही आम्ही बरोबर उत्तराइतक्याच सुबक अक्षरांत छापतो. म्हणून आम्हाला थंड ठेवा, बेताने चालवा, आणि सही करण्याआधी एकदा स्वतः तपासून बघा.