चौथी बैठक

मोकळीक ही आमची संस्था परभणीत जिंतूर रोडला, एका बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. खेड्यापाड्यातल्या शिकलेल्या बायकांना मानसोपचाराचं प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी आपापल्या गावातल्या खचलेल्या बायकांबरोबर बसायचं, आणि त्यातून कुणाला कितपत बरं वाटलं याचं संशोधन करायचं, हे तिचं काम. संस्था उभी केली पंकजा मॅडमनी. पुण्यातली चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून त्या माहेरच्या जिल्ह्यात आल्या होत्या आणि हे त्या कुणालाच विसरू द्यायच्या नाहीत. आम्ही अठरा जणी शिकत होतो. सतरा जणी त्यांना भीत होतो.

न भिणारी सुकेशनी. राणीसावरगावची. अकरा वर्षांची होईपर्यंत आईबापाबरोबर उसाच्या फडावर वाढलेली, आई गेल्यावर वसतिगृहात राहून बीए झालेली. गंगाखेड तालुक्याचं सगळं काम मॅडमनी तिच्यावर सोपवलं होतं. मी पूर्णेची. अक्षर बरं म्हणून विश्वस्तांच्या बैठकांचं इतिवृत्त माझ्याकडं असायचं.

संस्थेत एक नियम होता. शिकणाऱ्या प्रत्येकीनं पंधरा दिवसांतून एकदा मॅडमच्या खोलीत तासभर बसून स्वतःच्या मनातलं बोलायचं. दुसरीचं ऐकायचं असेल तर आधी स्वतःचं सांगता आलं पाहिजे, असं मॅडम म्हणायच्या, आणि ते खरंही होतं. खोलीतलं बाहेर जाणार नाही असा त्यांचा शब्द होता. मी तिथं लय रडले. सगळ्याच रडायच्या.

आमची उपचारपद्धत मॅडमनी स्वतः बसवलेली होती. आठ बैठका. चौथ्या बैठकीत बाईनं डोळे मिटून आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा सांगायचा. गंगाखेड तालुक्यात चौसष्ट बायकांबरोबर हे झालं. त्यातल्या अकरा जणी चौथ्या बैठकीनंतर आल्याच नाहीत. मॅडमनी त्यांच्यापुढं 'ऊसतोडीसाठी स्थलांतर' असं लिहिलं आणि त्यांना निष्कर्षातून वगळलं. उरलेल्या त्रेपन्न जणींचे आकडे सुरेख होते. त्यावर मोठा शोधनिबंध जाणार होता.

सुकेशनीनं त्यांना सांगितलं की चौथ्या बैठका श्रावणात झाल्या आणि ऊसतोडीच्या गाड्या दसऱ्यानंतर निघाल्या. मधले दोन महिने या बायका गावातच होत्या. ती प्रत्येकीच्या घरी जाऊन आली होती. कडूबाई नावाची बाई त्या बैठकीपासून शेतात एकटी जाईना, रात्रभर बसून राही. बाकीच्यांचंही कमीजास्त तेच होतं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की घरोघर जायला तुला कुणी सांगितलं होतं. मग सुकेशनीनं संस्थेच्या अध्यक्षांना, निवृत्त प्राचार्य दत्तराव सरांना, दोन पानी पत्र लिहिलं.

विश्वस्तांची बैठक बोलावली गेली. पाच जण होते. सुकेशनीला उभं ठेवलं, खुर्ची कुणी दिली नाही. मीही दिली नाही. दत्तराव सरांनी पत्र वाचून दाखवलं आणि मॅडमचं म्हणणं विचारलं. मॅडम आधी पद्धतीबद्दल बोलल्या, मग पुराव्याबद्दल. सुकेशनी प्रत्येक वेळी वहीतली घरभेटीची तारीख वाचायची. तिसरी तारीख वाचल्यावर सरांनी चष्मा काढला आणि मॅडमकडं पाहिलं. हा मुद्दा मॅडम हरत चालल्या होत्या, ते खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा त्या सरांकडं वळल्या आणि अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "सर, या मुलीला प्रत्येक बाईत तिची आई दिसते. फडावर आई तापानं फणफणलेली होती, पाचटाच्या कोपीतून हिला हाका मारत होती. ही बाहेर खेळत होती. हाका ऐकूनसुद्धा गेली नाही, आत गेलं तर लहान भावाला सांभाळावं लागेल म्हणून. संध्याकाळी आई गेली. बापालाही हे माहीत नाही. हे तिनं मलाच सांगितलंय. अशा माणसाच्या निरीक्षणावर संशोधन ठरवायचं का, ते तुम्ही बघा."

खाली दुकानात पोती उतरवत होते, तेवढा आवाज येत होता. सुकेशनीनं वही मिटली.

"मॅडम, मी ते तुमाला कुठं सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

मॅडमनी समोरचे कागद जुळवायला घेतले.

"खोलीत सांगितलं होतं," तीच म्हणाली आणि निघून गेली.

ठराव मॅडमच्या बाजूनं झाला. इतिवृत्तात मी 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं. त्या तीन-चार मिनिटांत मला बोलता आलं असतं. मॅडमना माझंही सगळं माहीत होतं, म्हणून मी बोलले नाही.

विश्वस्तांपैकी एक जण गंगाखेडचे. आठ दिवसांत गोष्ट राणीसावरगावात पोचली. सुकेशनीनं राजीनामाही दिला नाही, नुसती यायची थांबली. आमच्या सतरा जणींत काही ठरलं नव्हतं, पण मॅडमच्या खोलीतलं बोलणं बंद पडलं. कुणी सोयाबीनचं सांगायची, कुणी जावेच्या बाळंतपणाचं. मी एक अख्खा तास आमच्या रेल्वे क्वार्टरच्या गळक्या नळाबद्दल बोलले.

"प्रियांका, तू मला काहीच सांगत नाहीयेस," मॅडम म्हणाल्या.

"सांगण्यासारखं काई न्हाई, मॅडम."

त्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

पौषात त्या मला घेऊन राणीसावरगावला गेल्या. सुकेशनी दारातच भेटली. तिनं आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला नाही. तिचे वडील सुग्रीव आत बाजेवर बसलेले दिसत होते. ते बाहेर आले नाहीत. मॅडम माफी मागायला लागल्या. त्यांनी बरीच तयारी केलेली दिसत होती, वाक्यं नीट होती. सुकेशनीनं मधेच थांबवलं.

"मॅडम, बापानं मला काईच विचारलं न्हाई. भांडला असता तर बरं झालं असतं. जेवायला वाढलं की जेवतो. पण त्या दिवसापासून त्यानं मला नावानं हाक मारलेली न्हाई. तुमची माफी घेऊन मी त्याचं काय करू?"

मॅडमनी विचारलं की मग मी काय करू.

"माझ्यासाठी काई करू नका. त्या अकरा बायकांना मोजा. आन् पोरींचं ऐकायला बाहेरचं माणूस आणा. तुमी मार्क देता, कामावर ठेवता, काढता. तुमच्यापुढं कुणी मनातलं बोलायलाच नको व्हतं. आमाला कळत नव्हतं, तुमाला तर कळत व्हतं."

परतताना मॅडम यंदा तोडीला न गेलेल्या कडूबाईकडंही गेल्या. कडूबाईनं त्यांना ओळखलं आणि दार लावून घेतलं. गाडीत बसल्यावर मॅडम माझ्यावर तडकल्या, की त्या दिवशी बैठकीत तू तरी मला थांबवायचं होतंस. मी म्हणाले की तुम्हाला आजवर कुणी थांबवलंय का. गंगाखेड येईपर्यंत आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही.

पण त्यांनी केलं. चौसष्टच्या चौसष्ट बायका मोजल्या. आकडे फिके पडले. ज्या नियतकालिकात निबंध जाणार होता त्यांनी तो परत पाठवला, दुसऱ्या एका छोट्यानं छापला. त्यात चौथ्या बैठकीनं काही बायकांना इजा झाली असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ती बैठक आता आम्ही घेत नाही. पोरींसाठी नांदेडहून एक डॉक्टरीणबाई येतात, त्यांचा आमच्या मार्कांशी संबंध नाही. निबंधावर सुकेशनीचं नाव घातलं होतं. तिनं पत्र पाठवून ते काढायला लावलं.

ती गावातच असते, अंगणवाडीत काम करते. आठवड्यातून एकदा कडूबाईबरोबर बसते म्हणे. नुसती बसते, काही विचारत नाही. वडिलांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. विचारायचा हक्क मला नाही.

मी आता नव्या तुकडीला शिकवते. पहिल्याच दिवशी पोरींना ही सगळी हकिकत सांगते, नावं वगळून. मॅडम मागच्या रांगेत बसून ऐकतात. एकदाही मधे बोललेल्या नाहीत. माझं संपलं की उठून आपल्या खोलीत जातात आणि त्या दिवशी माझ्याशी बोलत नाहीत.