आकृती चार-तीनमधला हात

रिपोर्टमधल्या एका फोटोत एक हात होता, आणि तो कुणाचाच नव्हता.

म्हणजे हात म्हटला की त्याला मालक असणारच. पण ज्या दोघांचा तो प्रोजेक्ट, त्या दोघांपैकी कुणाचा तो नव्हता. फौजदारने आधी आपला पंजा प्रिंटशेजारी ठेवून पाहिला. मग समोर लॅपटॉप बडवत बसलेल्या घुम्याच्या बोटांकडे चोरून बघितलं. घुम्याची बोटं चपटी, नखं कुरतडलेली. फोटोतला हात जाडजूड, बोटं आखूड आणि फुगल्यासारखी, पोती उचलणाऱ्या माणसाची असावीत तशी. त्या हाताने स्टीलची पट्टी एका बरणीला टेकवून धरली होती आणि खाली लिहिलं होतं, 'आकृती ४.३ : जमा झालेल्या पाण्याची उंची मोजताना'.

फौजदार हे नाव तिला आईने ठेवलेलं. लहानपणी डब्यातली बिस्किटं कमी झाली की ही पोरगी घरातल्या प्रत्येकाच्या ओठांवर भुगा आहे का ते तपासायची. आता ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. नाव तेच राहिलं आणि सवयही. घुम्या तिचा प्रोजेक्टमधला जोडीदार. तो बोलत नसे म्हणून घुम्या. वर्गात हजेरीलासुद्धा तो नुसता हात वर करायचा.

प्रोजेक्ट तसा साधा होता. खारं पाणी उन्हात ठेवून गोडं करणारी पेटी. खाली काळा तळ, वर तिरकी काच. पाण्याची वाफ काचेला आतून चिकटते, थेंब ओघळत ओघळत कडेच्या नळीतून बरणीत पडतात. पेटी फौजदारच्या घराच्या गच्चीवर ठेवली होती, कारण घुम्या राहायचा वसतिगृहात आणि तिथल्या गच्चीला कायमचं कुलूप. पेटीवर फौजदारने ठळक अक्षरांत कागद चिकटवला होता, 'हात लावू नये'. तो मुख्यतः आईसाठी होता. धूळ दिसली की आईच्या हातांना चैन पडत नसे. एकदा ती फडकं घेऊन पेटीपाशी सापडली, तेव्हा फौजदारने असं काही आकाशपाताळ एक केलं की शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "कोण पडलं गं?"

तर हाताचं प्रकरण. तो फोटो फौजदार नसतानाचा होता. ती नोकरीच्या मुलाखतीसाठी परगावी गेली होती, त्या दिवशीची सगळी रीडिंग घुम्याने एकट्याने घेतली. आणि नेमकं त्याच दिवशी पाणी सगळ्यांत जास्त जमलं. आलेखात बाकीचे ठिपके शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले होते आणि हा एकटा सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसला होता. फौजदारने तेव्हाच विचारलं होतं, "एवढं कसं रे?" घुम्या म्हणाला होता, "ऊन होतं." आदल्या दिवशी काय चांदणं होतं?

"घुम्या," तिने आता विचारलं, "हा हात कुणाचा?"

टाइप करणारी बोटं थांबली. "कुठला?"

"रिपोर्टमध्ये किती हात आहेत? चार-तीनमधला."

"हातच आहे."

"पाय आहे असं मी म्हटलंय का? कुणाचा आहे?"

"पट्टी धरायला कुणीतरी हवं होतं. मी फोटो काढत होतो."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

घुम्याचे कान लाल झाले. "तू उजवीकडचा समास बघतेस का जरा? मला कमी वाटतोय."

समासाचा विषय निघाला की बाकी सगळं बाजूला ठेवावं लागे. त्यांचे गाइड अख्ख्या कॉलेजात समाससर म्हणूनच ओळखले जात. रिपोर्ट हातात आला की ते आधी वाचत नसत, मोजत. डावीकडे बायंडिंगसाठी जास्त जागा, उरलेल्या तीन बाजू सारख्या, आणि प्रत्येक चित्र समासापासून समासापर्यंत, इकडे-तिकडे केसभरही नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा त्यांनी तिलाही पट्टी लावली होती म्हणतात. त्यांच्या धाकाने मुलं फोटो माउसने धरून दोन्ही बाजूंना ताणायची आणि समासाला नेऊन भिडवायची. सगळ्यांच्याच रिपोर्टमधल्या यंत्रांना, झाडांना, माणसांना सारखंच बाळसं आलेलं असे. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

"मूळ फोटो पाठव मला," फौजदार म्हणाली.

"शोधतो."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. टेबलावर ट्रे टेकवता टेकवता तिची नजर प्रिंटवर गेली. "फोटो बरा आलाय," ती म्हणाली, आणि हात टॉवेलमध्ये गुंडाळून लगबगीने आत गेली.

फौजदारच्या कपाळाला आठी पडली. आजवर आईने रिपोर्टकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आजच कसा बरा आला फोटो?

थोड्या वेळाने घुम्या रिकामे कप ठेवायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथून कुजबुज ऐकू आली. घुम्या आणि कुजबुज! फौजदार पाय न वाजवता दारापर्यंत गेली. आई म्हणत होती, "काही सांगायची गरज नाही हं तिला." फरशी करकरली तशी दोघं गप्प झाली. घुम्या नळाखाली कप धुऊ लागला. ते आधीच धुतलेले होते.

म्हणजे आईलाही याने फितवलं होतं. तिला सांगितलं असणार काहीतरी, माझी आई आजारी आहे, फोटो मिळाला नाही, एवढ्या वेळी सांभाळून घ्या काकू. आणि आईला घुम्याचा पुळका होताच. जेवायला थांबला की त्याला न विचारता दुसऱ्यांदा वाढायची आणि पोटच्या पोरीला म्हणायची, "तुझं तू घे."

मूळ फोटो काही आला नाही. दुसऱ्या दिवशी मागितला तर "बघतो", तिसऱ्यांदा मागितला तर नुसती मान.

त्यानंतर फौजदारने माणसांचे चेहरे बघणं सोडून दिलं. ती हात बघायची. झेरॉक्सवाल्याचे हात, वसतिगृहाच्या रखवालदाराचे, घुम्याच्या खोलीतल्या मुलांचे. प्रयोगशाळेतले शिपाईकाका तिच्या नजरेने इतके बावरले की म्हणाले, "ताई, मला काही लागलंय का हाताला?" एकाचाही हात जुळेना. मग तिने बरणीकडे लक्ष दिलं. गच्चीवरची बरणी उंच, सडपातळ. फोटोतली बुटकी, पोट सुटलेली. बरणी आपली नाही, हात आपला नाही. मागे नुसती पांढरी भिंत, ती कुणाचीही असू शकते. आता शंकेला जागाच नव्हती. त्या दिवशी घुम्या गच्चीवर फिरकलाच नाही. आकडा मनाने लिहिला आणि फोटो कुणाच्या तरी जुन्या रिपोर्टमधून उचलला.

हे तिने स्वतःपाशीच ठेवलंही असतं. पण रिपोर्टच्या पहिल्या काही पानांत एक पान असतं, 'हे काम आमचं स्वतःचं आहे' असं सांगणारं, आणि त्याखाली दोघांच्या सह्या लागतात. घुम्याची सही झाली होती, मुंगीएवढी. तिच्या सहीची जागा रिकामी होती. सही करावी आणि परीक्षेत चोरी पकडली जावी, तर दोघंही बुडणार; मुलाखतीतून मिळालेली नोकरी हातची जाणार. सही करू नये, तर रिपोर्टच जमा होणार नाही. आणि सरांना सांगितलं, तर घुम्या एकटा बुडेल. त्याचं वर्ष जाईल. दोन बहिणींच्या पाठचा, घर सोडून शिकायला आलेला मुलगा, सुट्टीत घरी जाताना सुद्धा पुस्तकं घेऊन जाणारा, हे तिला माहीत होतं. पण घर काय चोरालाही असतंच, म्हणून चोरी माफ होत नाही, तिने मनाला बजावलं आणि सरांच्या केबिनचं दार वाजवलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांनी टेबलावरचा टाचण्यांचा डबा कडेला समांतर केला.

"खात्री आहे?"

"हो सर."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. तो बोलत नाही."

"तो कधी बोलतो?" सर म्हणाले. "उद्या दोघं या. फाइल घेऊन. हे खरं निघालं तर त्याला मी वाचवू शकणार नाही, एवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये घुम्या खुर्चीच्या टोकावर बसला होता, बस आली की लगेच उठायचं असल्यासारखा. तिने तक्रार केलीय हे त्याला सरांकडून कळलं. त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याने नुसतं पाहिलं आणि मान खाली घातली.

"हा फोटो तुम्ही काढलेला आहे?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"हात कुणाचा?"

घुम्याने कुरतडलेली नखं मुठीत दडवली.

"अरे, तुझं वर्ष जाईल. कळतंय का? कुणाचा हात आहे?"

"सर, ते मी..." घुम्या अडखळला. "फोटो आपलाच आहे सर. हाताचं मी सांगणार नाही म्हणून कबूल केलंय."

"कुणाकडे?"

फौजदारला वाटलं, झालं, आता हा आईचं नाव घेणार, काकूंना माहीत आहे म्हणणार. त्याने तेही घेतलं नाही.

सरांनी सुस्कारा टाकला आणि फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उघडली. पानं सरकवत चार-तीनपाशी आले. चष्मा खाली ओढून बराच वेळ बघत राहिले.

"हे काय केलंय?"

"तेच म्हणते मी सर," फौजदार म्हणाली.

"तुझं नाही बोलत मी. हा फोटो काय पोळपाटावर लाटलाय? उभा फोटो धरून आडवा ताणलाय! समासापर्यंत आणा म्हणजे असा आणा? मोजमापाच्या फोटोत पट्टीवरचे आकडेसुद्धा सुजलेत!" एखाद्याचं वर्ष पणाला लागलेलं असताना वाकडी चौकट सुधारायला जाणारा जगातला हा एकच माणूस असावा. पण सरांना राहवलं नाही. त्यांनी फोटोवर क्लिक केलं आणि तो मुळात जसा होता तसा परत आणायचं बटण दाबलं.

फोटो एकदम आकसला. बरणी उंच झाली, सडपातळ झाली. हाताची सूज उतरली. बोटं लांब, काड्यांसारखी निघाली. पट्टी तीन बोटांत धरलेली आणि करंगळी वर उचललेली. सुईत दोरा ओवताना, चहाचा कप धरताना, फौजदारच्या कपाळावर ताप बघताना जी करंगळी कायम वर असायची, ती.

आणि फोटो नुसता आकसला नाही. घुम्याने कडा कापून लपवलेला भागही फाइलमध्ये होताच, तोही परत आला. मनगट आलं, कोपर आलं, हनुवटीपर्यंतची एक बाई आली. तिच्या दुसऱ्या हातात ओलं फडकं होतं. मागे पेटीची काच अशी लखलखत होती की आभाळ तिच्यात दिसत होतं. आणि काचेखाली, फौजदारच्या स्वतःच्या ठळक अक्षरांत, 'हात लावू नये'.

"कोण ह्या बाई?" सरांनी विचारलं.

घुम्या जमिनीकडे बघत होता. अजूनही तो सांगणार नव्हता. चेहरा फोटोत नव्हता. फौजदार गप्प राहिली असती तर कुणालाच कळलं नसतं.

"माझी आई," ती म्हणाली. आवाज कुठून आला तिलाच कळलं नाही.

"मग तुझी तक्रार काय होती?"

फौजदार पडद्यावरच्या करंगळीकडेच बघत होती.

"आणि रीडिंग? ते का जास्त?"

"काच पुसली होती काकूंनी," घुम्या म्हणाला. "धुळीने ऊन अडत होतं. त्यांना वाटलं प्रयोग बिघडवला. रडायला लागल्या. म्हणाल्या, तिला सांगू नको, ती घर डोक्यावर घेईल." एका दमात एवढं तो कधीच बोलला नव्हता. दमल्यासारखा खुर्चीत मागे टेकला.

सरांनी चष्मा पुसला. "प्रोजेक्टमधलं कामाचं असं हे एकच वाक्य, आणि तेच तुम्ही दाबून ठेवलंत? त्या दिवशी काच पुसली होती हे लिहा. आधी कधी पुसली नव्हती तेही लिहा. फोटो नीट लावा, लहान आला तरी चालेल, मधोमध ठेवा." मग त्यांच्या लक्षात आलं, "आणि मजकूर वाढला की पुढची पानं सरकतील. अनुक्रमणिका पुन्हा तपासा."

बाहेर व्हरांड्यात फौजदारने बॅगेतून ते सहीचं पान काढलं, भिंतीला लावून सही केली आणि घुम्यापुढे धरलं. त्याने पान घेतलं, कोपरा दुमडला होता तो सरळ केला, फाइलमध्ये ठेवलं.

"घुम्या, मला वाटलं..."

"तू लिहिणार की मी लिहू? काचेचं."

"तू म्हणशील तसं."

"मी लिहितो," तो म्हणाला, आणि निघाला.

ती घरी आली तेव्हा आई ओट्यापाशी होती. मुलीचा चेहरा पाहून तिने हात टॉवेलमध्ये लपवले.

"हात दाखव," फौजदार म्हणाली.

"का?"

"दाखव तर."

"पुसली मी काच!" आई एकदम फुटलीच. "पुसली. सगळा धुरळा बसला होता, बघवेना मला. आता काय सुळावर देतेस?"

फौजदारने तिचे दोन्ही हात टॉवेलमधून बाहेर काढले. बोटं साबणाने भिजलेली होती. इतक्या दिवसांत जगातल्या सगळ्यांचे हात तपासून झाले होते, हे तेवढे राहिले होते. ती ते धरून उभी राहिली. आईला काही समजेना, पण तिने हात सोडवून घेतले नाहीत.

"माझ्यामुळे त्या पोराला काही झालं नाही ना गं?" तिने विचारलं.

"नाही. रिपोर्ट घेतायत त्याचा. आमचा."

"मग तोंड का असं?"

"तो माझ्याशी बोलत नाहीये."

"अगं, तो कधी बोलायचा?"

"आधी बोलायचा नाही ते वेगळं होतं, आई," फौजदार म्हणाली. "हे वेगळं आहे."

आईने टॉवेल खांद्यावर टाकला. "उद्या जेवायला बोलव त्याला," ती म्हणाली. "आणि वाढायचं तू."