न वाजलेली हातोडी

आमच्या डॉक्टरांना अख्खा वॉर्ड 'सुतार' म्हणतो. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी तर आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्टच सांगितली होती. "अगं, आत नुसती ठाकठूक! मला वाटलं, माझं कपाटच करतायत!"

मला पूर्ण भूल देता येणार नव्हती. संधिवाताने मानेचे मणकेसुद्धा सैल केलेले. श्वासाची नळी घालायला मान मागे झुकवली तर भलतंच व्हायचं. म्हणून कमरेत सुई, खाली सगळं बधिर, आणि पडद्याअलीकडे मी टक्क जागी. दोन्ही गुडघे वाकल्या जागीच आखडून बसले होते; तेच बदलून कृत्रिम सांधे बसवायचे होते. लेक रांगत होती तेव्हापासून मी चाकांच्या खुर्चीत, आणि आता ती कॉलेजात जाते. आज हाड तुटलं, तर खुर्ची कायमची. डॉक्टरांनी हे तोंडावर सांगितलं होतं.

मी कान टवकारून ठाकठुकीची वाट बघत होते. आवाज काही येईना.

"हातोडी बाजूला ठेव," डॉक्टर म्हणाले. "हाड कसलं, भिजलेलं बिस्कीट आहे हे. सांधा अंगठ्याने बसवू."

मग पाय सरळ करायची वेळ आली. मदतीच्या डॉक्टरने जरा जोर लावला असावा.

"हात काढ!" आमचे डॉक्टर गरजले. "ओढायचं नाही. गुडघ्यामागचं आखडलेलं थोडं सोडवू. मग बघू. मग पुन्हा थोडं."

बोटं वाकडी होईपर्यंत मी शिवणकाम केलं. आखडलेली शिवण ओढली की कापड जातं, हे मला कुणी सांगायला नको. पण एवढा धिप्पाड, तापट माणूस श्वास रोखून माझ्या हाडाची मनधरणी करतोय, हे ऐकून मी थक्क झाले. देवाशपथ सांगते, इतकं जपून माझ्याशी कुणीच वागलं नव्हतं. डोळे भरून आले.

"दुखतंय का?" भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं.

"नाही हो," म्हटलं, "तुमचं चालू द्या."

दुसऱ्या दिवशी मला उभं करायला आले. बोटांना वॉकरची मूठ धरवेना, म्हणून त्यावर कोपरापासून हात टेकायला फळ्या बसवलेल्या. डॉक्टर समोर हात पसरून उभे, माझ्यापेक्षा तेच घामाघूम. मी उठले. पाय लटपटले, पण टिकले.

लेक पाणी घेऊन आली आणि दारातच थबकली. मग हळूच जवळ आली. माझ्याकडे बघायला तिला मान वर करावी लागली.

"आई," ती म्हणाली, "तू एवढी उंच आहेस?"